कारणाचा रकाना

फौजीनं मला थोबाडीत मारली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि माझ्या हातात गोळ्यांचा ट्रे होता. ट्रे पडला, गोळ्या फरशीभर घरंगळल्या, आणि माझा डावा कान असा काही गायला लागला की पुढं कोण काय बोललं ते मला ऐकूच आलं नाही. दोन वॉर्डबॉय धावले. त्यांनी त्याच्या अंगावर चादर टाकली, हात मागं धरले आणि कोपऱ्यातल्या खोलीत नेऊन बाहेरून कडी घातली. मी खाली बसून गोळ्या वेचल्या. रडले नाही. माझा स्वभाव रडण्याचा नाही, चिडण्याचा आहे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. सांगलीच्या बाहेर, उसाच्या मळ्यांना लागून, मनोरुग्णांचं एक लहानसं इस्पितळ होतं. लोक त्याला सरळ वेड्यांचा दवाखाना म्हणत. मी तिथं पुरुषांच्या वॉर्डात दिवसपाळीची सिस्टर होते. माहेर वडूजचं. सुट्टीला गेले की आत्या हमखास विचारायची, "अगं, दुसरीकडं कुठं जागा न्हाई का मिळत? वेड लागलेली माणसं मारत्यात म्हणं." मी म्हणायचे, "आत्या, शहाणी काय कमी मारतात का?" ती यावर विषय बदलायची, कारण माझे आतोबा, म्हणजे तिचे यजमान, कसे होते ते सगळ्या आळीला माहीत होतं.

तर फौजी. त्याला सगळे फौजीच म्हणायचे. कराडच्या पुढं नदीकाठी गाव, घरचा ऊस, दोघं भाऊ, त्यातला हा धाकटा. पलटणीत आठ वर्षं काढली, मग कानात कुणीकुणी बोलल्यासारखं ऐकू यायला लागलं म्हणून त्याला घरी पाठवलं. आमच्याकडं येऊन दीड वर्ष झालं होतं आणि औषधानं त्या आवाजांचा जोर बराच कमी झाला होता. सकाळी उठला की स्वतःच्या चादरीची घडी करायचाच, शेजारच्या चौघांच्याही करून ठेवायचा, कोपऱ्याला कोपरा बरोबर लावून. बोलणं कमी. मिशी मात्र भरदार, आणि तिच्यावर त्याचा जीव.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याची आई एसटीनं यायची. फडक्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तो तिच्यापुढं मांडी घालून बसायचा, मुकाट खायचा, ती त्याच्या डोक्यावरनं हात फिरवायची आणि परतीची गाडी गाठायला निघायची. दिवाळीनंतर ती यायची थांबली. थोरला भाऊ एकटाच यायला लागला. "आईचं गुडघं धरल्यात," असं त्यानं सांगितलं आणि आम्ही ऐकून सोडून दिलं.

त्यानंतर फौजी बिथरायला लागला. इतका शांत माणूस, आणि दोन महिन्यांत चार वेळा.

वॉर्डात एक मोठं रजिस्टर होतं. कुणी मारलं, फेकलं, फोडलं की त्यात लिहायचं. चार रकाने: तारीख, वेळ, काय घडले, कारण. दुपारी कान जरा शांत झाल्यावर मी माझी थोबाडीत लिहायला बसले. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'रुग्णाने सिस्टरला चापट मारली.' चौथ्यात सवयीनं लिहिलं, 'विनाकारण.' आणि सहज वर नजर गेली. वर फौजीचेच आधीचे तीन प्रकार होते, तीन वेगळ्या हस्ताक्षरांत, आणि तिन्हींपुढं तोच शब्द. मागची पानं उलटली. दुसरे रुग्ण, दुसऱ्या तारखा, पण चौथ्या रकान्यात पानंच्या पानं विनाकारण.

आता मला आला राग. फौजीचा नव्हे, त्या शब्दाचा. कारण रागाच्या बाबतीत मी स्वतः काही सोज्वळ नाही. लहानपणी मी भावाच्या अंगावर तापलेलं उलथनं फेकलं होतं. आई शेजारणींना सांगायची, "हिला काय, कारणच लागत नाही." अहो, लागत नाही कसं? त्यानं माझी गणितं लिहिलेली पाटी थुंकीनं पुसली होती! पण ते मला कुणी विचारलंच नाही. इतकी वर्षं झाली, आज तो भाऊ आजोबा झालाय, पण विनाकारण म्हटलं की मला ती पुसलेली पाटी दिसते. मला, चांगल्या शिकल्या-सवरल्या बाईला, कारणाशिवाय राग येत नाही, तर त्याला तो कसा येईल?

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावलं. आमचे डॉक्टर भले, पण तीन वॉर्डांना एकटे आणि कायम दमलेले. म्हणाले, "सिस्टर, हा चौथा प्रकार. दोनदा त्यानं न्हाव्याच्या वस्तऱ्यावर हात घातलाय. उद्या कुणाचा गळा कापला गेला तर मी काय सांगू? ह्याला आता मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवायचं. भावाला निरोप धाडा. रविवारी येऊन कागदावर सही करू दे."

ते मोठं इस्पितळ फार लांब. आमच्या वॉर्डातले दोघं आधी तिकडं गेले होते. त्यांच्या घरच्यांनी पहिल्या वर्षी एकदा खेप केली, मग उसाला पाणी, मग लग्नकार्य, मग कुणी गेलंच नाही. फौजीही तसाच जाणार होता, आणि घराची वाट कायमची बंद होणार होती. मी म्हटलं, "साहेब, रविवारपर्यंत मला पाच दिवस द्या." ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "चौथा रकाना भरायचाय." त्यांनी माझ्या सुजलेल्या गालाकडं पाहिलं आणि बरं म्हणाले. बहुधा मार लागल्यानं मी बरळते आहे असं त्यांना वाटलं असावं.

मी शाळेची एक चाळीस पानी वही आणली आणि विचारत सुटले. पहिल्यांदा गाठले आमचे मामा. मामा म्हणजे सगळ्यांत जुने वॉर्डबॉय, साठीला आलेले, चादर टाकण्यात पटाईत. ते म्हणाले, "त्यात काय इचारायचं बाई? अमुशा-पुनव आली की डोस्कं फिरतं." मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. चारांतला एकच दिवस पौर्णिमेच्या जवळ होता, अमावास्येच्या एकही नाही. सैपाकीण म्हणाली वांगं उष्ण पडतं. पण वांगं आमच्याकडं एक दिवसाआड असायचं, मग फौजीनं आतापर्यंत सगळ्या सांगलीला झोडपायला हवं होतं. कंपाउंडर म्हणाला, "लढाई पाहिलेला माणूस आहे, रक्त डोक्यात चढतं." मी फौजीची कागदपत्रं उघडली. आठ वर्षं तो रसदीत होता, डाळ-तांदळाची पोती उतरवून घ्यायचा. त्यानं रक्त बघितलं असलंच तर बोट चेचल्यावरचं.

मग मी लोकांना कारण विचारायचंच सोडलं. कारण विचारलं की जो तो शहाणपणा सांगतो. मी एवढंच विचारायला लागले, "तो बिथरला त्याच्या आधी तुम्ही काय करत होता? काय बोलत होता?"

पहिला आणि तिसरा प्रकार न्हाव्याचा. सांगलीतली हजामतीची दुकानं सोमवारी बंद, म्हणून तो एक सोमवार आड आमच्याकडं यायचा. केस मशीननं बारीक, दाढी वस्तऱ्यानं. बुधवारी ड्यूटी संपवून मी त्याच्या दुकानात गेले. बाई माणूस न्हाव्याच्या दुकानात आलेली पाहून गिऱ्हाईक अर्ध्या साबणातच उठायला लागलं. मी म्हटलं, बसा हो, मला दोनच गोष्टी विचारायच्यात.

न्हावी म्हणाला, "बाई, मी तर लय मायेनं करतो त्याची. फौजी मानूस हाय. मिशीला हात लावत न्हाई. उलट समदं झालं की मिशीला तेल लावतो, झकास पीळ देतो आन आरसा दावतो."

"आणि मग?"

"आरसा बघितला की झडप घालतो वस्तऱ्यावर. दोन्ही येळंला आरसा बघूनच."

"वस्तरा घेऊन कुणाच्या अंगावर धावला?"

"कुनाच्या न्हाई. सोताचाच गळा कापाय निघाला व्हता."

"गळ्याकडं नेला? नीट आठवा."

तो थांबला. हातातला वस्तरा त्यानं नकळत स्वतःच्या तोंडाजवळ नेला आणि गिऱ्हाइकानं डोळे मिटून घेतले. "आता तुमी इचारताय म्हनून... न्हाई, गळा नव्हं. वर. नाकाखाली नेला व्हता."

मी वहीत लिहिलं: आरसा. मिशी. वस्तरा नाकाखाली. आणि घरी जाताना डोकं नुसतं भणभणत होतं. जी मिशी त्याला एवढी प्यारी, तिच्यावर हा का उठला? मला त्या रात्री भाकरीसुद्धा गोड लागली नाही, इतकं ते कोडं मनात बसलं होतं.

दुसरा प्रकार मामांचा. फौजीनं जेवणाचं ताट त्यांच्या छातीवर फेकलं होतं. मी विचारलं, "मामा, तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"काय न्हाई बाई. जेवत नव्हता. म्हनलं, खा रं गड्या, आईनं चटनी धाडलीया."

"धाडली होती?"

"छ्या. आपल्याच सैपाकघरातली. आपलं म्हनायचं म्हनून म्हनलं, दोन घास जास्ती खाईल."

राहिला चौथा प्रकार, म्हणजे मी. इतरांना खोदून विचारणं सोपं, स्वतःला विचारताना फार जड गेलं. मला आधी काही आठवेचना. मग आठवलं आणि वाटलं, नसतं आठवलं तर बरं होतं. मी गोळ्या मोजत होते. त्यानं विचारलं होतं, "बाई, माजी आई कशी हाय?" आणि मी मानसुद्धा वर न करता म्हणाले होते, "अगदी छान आहे. येईल पुढच्या महिन्यात." मला त्याच्या आईचं काडीचं माहीत नव्हतं. आम्ही तसं सगळ्यांनाच सांगायचो. आई छान आहे, बायको येणार आहे, तू लवकर घरी जाणार आहेस. त्यात काही वाईट आहे असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. तेही मी वहीत लिहिलं, माझ्या नावासकट.

चार प्रकार. दोनदा मिशी, दोनदा आई. मी मामांना म्हटलं, "दिवाळीनंतर त्याचा भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा मी सुट्टीवर होते. कसा दिसत होता तो?"

मामा म्हणाले, "कसा म्हंजी? टोपी घालून आलता. जेवतानाबी काढली न्हाई. मिशी काढलेली. तिरुपतीला जाऊन आलो म्हनला."

मी ताडकन उठले. "मामा, कधी आला होता तो?"

"कारखाना सुरू झाल्यावर म्हना की. उसाच्या गाड्या चालू व्हत्या."

"अहो मामा! घरच्या उसाला तोड आलेली असताना कोण शेतकरी तिरुपतीला जातो?"

 मग त्यांनी आपला हात हळूच स्वतःच्या मिशीवर नेला आणि खाली घेतला. आमच्याकडं बाप्या माणूस डोई आणि मिशी काढतो ती आईबाप गेल्यावर. हे मला वडूजला चार वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मामांना माहीत होतं, न्हाव्याला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं, तो त्याचा धंदाच. पण इस्पितळात आत पाऊल टाकलं की आम्ही सगळे ते फाटकाबाहेर ठेवून येत होतो. आत फक्त रुग्ण होते आणि त्यांचे झटके.

शनिवारी सकाळी मी कोपऱ्यातल्या खोलीपाशी गेले. जाळीच्या दारापलीकडं फौजी भिंतीला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि परत तेच विचारलं, "बाई, माजी आई कशी हाय?"

जिभेवर आलेलं 'छान आहे' मी गिळलं. म्हटलं, "मला माहीत नाही. पण उद्या तुझा भाऊ येतोय. मी त्याला विचारणार आहे, आणि जे असेल ते तुला कळेल."

त्यानं मान डोलावली. हात मांडीवर तसेच. त्या दिवशी तो दोन्ही वेळा जेवला.

रविवारी भाऊ आला. पांढरी टोपी कानापर्यंत ओढलेली, ओठावर अजून पुरती न भरलेली मिशी. मी त्याला ऑफिसात बसवलं, समोर सहीचा कागद होता, आणि म्हटलं, "दादा, आधी टोपी काढा." तो गडबडला. मी म्हटलं, "मी वडूजची आहे. मला तिरुपती सांगू नका. तुमची आई कधी गेली?"

तो टोपी हातात घेऊन ओक्साबोक्शी रडायला लागला. एवढा रांगडा गडी, खांदे गदगदत होते. आई दिवाळीनंतर चौथ्या दिवशी गेली होती. "आमच्यात बापाला थोरल्यानं आन आईला धाकट्यानं आग द्यायची असती बाई," तो म्हणाला. "ह्याचा मान. पर गावातली म्हनली, तिरडीपाशी पिसाळला तर कोन आवरंल? म्हनून मीच दिली. आन आता तोंड कसं दावू? म्हनून टोपी."

"अहो, पण तुम्ही टोपी घातलीत आणि मिशी त्याच्यासमोर उघडी! त्याला काय दिसत नाही का?"

"त्यो येडा हाय की बाई," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आपण काय बोललो ते कळलं.

मी वही घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली. एका जागी थांबून म्हणाले, "हे तुम्ही स्वतःचंही लिहिलंय." मी हो म्हटलं. मग मी जे मागायचं ते मागितलं: उद्या सोमवार आहे, भाऊ त्याला स्वतःच्या तोंडानं सांगेल, आणि न्हावी त्याची डोई आणि मिशी काढेल.

"वस्तरा? त्याच्या गळ्याशी? ही बातमी सांगितल्यानंतर?"

"हो साहेब."

"आणि बिघडलं तर?"

"तर कागद तयारच आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "पण तो तिकडं गेला तर निदान आई गेल्याचं माहीत असून तरी जाऊ दे."

 डॉक्टरांनी कागद उचलून टेबलाच्या खणात ठेवला आणि म्हणाले, "मी व्हरांड्यात उभा राहीन. एक जरी चापट बसली तरी हे बंद."

सोमवारी मागच्या अंगणात, लिंबाखाली पाट मांडला. न्हावी आपली धोपटी मांडून बसला. मामा आणि दुसरा वॉर्डबॉय चादर घेऊन तयार. मी त्यांना पायऱ्यांच्या वर उभं केलं आणि बजावलं, मी सांगितल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. फौजीला बाहेर आणलं. भाऊ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली.

"आई गेली रं," तो म्हणाला.

फौजी हलला नाही. "कवा?"

"दिवाळी झाल्यावर."

"आग कुनी दिली?"

"मी."

 फौजी तसाच उभा. मग अगदी हळू त्यानं विचारलं, "शेवटाला काय म्हनली?"

भावाला खोटं बोलता आलं असतं. तुझी आठवण काढली, असं काहीतरी गोडसं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "तुला आन म्हनत व्हती. दोन दिस तेच म्हनत व्हती. मी आनलं न्हाई."

फौजीनं त्याच्या मुस्काटात सणसणीत मारली. टोपी उडून पाटापाशी पडली. मामा चादर पसरून दोन पायऱ्या उतरले, व्हरांड्यातून डॉक्टरांचा आवाज आला, आणि मी ओरडले, "थांबा! कुणी हात लावायचा नाही!" एवढी मी आयुष्यात कधी ओरडले नसेन. भाऊ गाल धरून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मारू द्या त्येला. त्येचा हक्क हाय."

पण दुसरी चापट आलीच नाही. फौजीनं खाली वाकून टोपी उचलली, झटकली, भावाच्या हातात दिली. मग जाऊन पाटावर बसला आणि मान खाली घातली. न्हाव्यानं पाणी लावलं. विचारलं, "मिशी?" तो म्हणाला, "समदी."

वस्तरा डोक्यावरून फिरत होता आणि तो खालच्या मातीकडं बघत बोलत होता. दीड वर्षात मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. "दादाची मिशी बघितली तवाच मला कळलं. पर इचारलं की समदी म्हनायची, बरी हाय, छान हाय. आई जिती असली आन मी डोई काढली, तर मी तिच्या मरनाला टपल्यागत व्हनार. आन गेली असली तर मी हितं मिशीला पीळ देऊन आरशात बघत बसलोय. सांगा आता, काय करायचं मानसानं? दोनदा ठरवलं, काढून टाकायची. वस्तरा हातात आला आन तुमी समदी आंगावर आलासा."

न्हाव्याचे डोळे भरले. त्यानं मनगटानं पुसले आणि वरच्या ओठावर साबण लावला. दोन फटक्यांत ती मिशी मातीत पडली. फौजी उठला, नळाखाली जाऊन बसला आणि थंडगार पाण्यानं अंघोळ करता करता मोठ्यानं रडला. कानातल्या आवाजांशी बोलतोय असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. मीही रडले. स्वभाव नसला म्हणून काय झालं.

दुपारी रजिस्टर उघडलं. लिहिणं भाग होतं, मारलं होतं ना. 'रुग्णाने भावाला चापट मारली.' चौथ्या रकान्यात लिहायला लागले ते मावेचना. समासात गेलं, खालच्या ओळीत उतरलं. डॉक्टरांनी उभ्याउभ्या वाचलं. त्यांनीच अट घातली होती, एक जरी चापट बसली तरी बंद. मी म्हटलं, "साहेब, आता काय?" ते म्हणाले, "आता काय? कारण लिहिलंय की तुम्ही," आणि सही करून पुढच्या वॉर्डात गेले. खणातला कागद पुढं कधी बाहेर आला नाही.

फौजी त्यानं बरा झाला असं मात्र कुणी समजू नये. आवाज यायचेच, गोळ्या चालूच होत्या. वर्षभरानं तो घरी गेला आणि मग औषधाला येत राहिला. आमच्या वॉर्डातली मारामारीही काही संपली नाही. पण ते रजिस्टर लवकर भरायला लागलं, कारण चौथ्या रकान्याला जागा जास्त लागायची.

एक गोष्ट मात्र त्याच महिन्यात घडली. मी चादरी मोजत होते आणि फौजी घड्या घालत होता. डोक्यावर बारीक केस उगवले होते. त्यानं एकदम विचारलं, "बाई, त्या दिशी तुमाला मारलं, लय लागलं का?"

मी म्हटलं, "छे, कुठं काय! केव्हाच विसरले मी."

त्याचे हात थांबले. चादरीचं टोक मुठीत आवळलं गेलं आणि बोटांची पेरं पांढरी पडली. मला ती मूठ दिसली. इतकं सगळं होऊनसुद्धा माझी जीभ परत त्याच वाटेनं गेली होती.

"लागलं," मी म्हटलं. "लय लागलं. तीन दिवस कान गात होता, आणि मला तुझा राग आला होता."

मूठ सुटली. त्यानं चादर झटकली, दुसरं टोक माझ्याकडं धरलं आणि म्हणाला, "धरा. घडी घालू."